रानातल्या माणसाला चांदणी कळत नाही होय?

इंदापूर तालुक्यात बावड्यापासून सराटीपर्यंत नीरेच्या काठानं कुठल्याही पारावर रात्रीच्या दिव्यांचा विषय काढा, एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद ऐकायला मिळतो. ‘शहरातल्या माणसाचं सोडा, त्याला आभाळच दिसत नाही. आमची हयात रानात गेली. रात्री दोनला लाईट येते म्हणून दोनला उठतो, दारं धरतो, बांधावरच पडतो. आम्हाला काय शुक्र कळत नाही होय? उसावर तासभर उभा राहिलेला, मधेच लाल मधेच हिरवा होणारा, आपण चाललो की आपल्याबरोबर चालणारा दिवा चांदणी कसा असेल?’ मग पुरवणी जोडली जाते: एकाला भास होईल, सगळ्या वस्तीला होईल का? आणि शेवटी खिशातून हुकमाचा एक्का निघतो, मोबाईलवरचा व्हिडिओ.

या सगळ्यातून काढला जाणारा निष्कर्ष माणसागणिक बदलतो. कुणी म्हणतं चोरांचे ड्रोन, कुणी म्हणतं सरकारी पाहणी, आणि कॉलेजात जाणारं पोरगं असेल तर परग्रहावरची तबकडी. निष्कर्ष वेगळे असले तरी पाया एकच आहे: अनुभवी माणूस आभाळाच्या बाबतीत फसत नाही. मला आधी या पायाशीच भांडायचं आहे.

पण पूर्वपक्ष मांडायचा तर त्याच्या बाजूनं मांडावा. खेड्यातल्या माणसाला आभाळ कळत होतं, यात शंका नाही. मृगातल्या तीन ताऱ्यांना तिकांडं म्हणणारी, सप्तर्षींमध्ये म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर पाहणारी, शुक्र उगवला की मोट जुंपणारी पिढी आपल्याच घरांत होती. त्यांना तारे कामापुरते ठाऊक होते आणि कामापुरतं ज्ञान पक्कं असतं. त्या पिढीतल्या कुणी शुक्राला पाहून पोलीस पाटलाकडं धाव घेतली नसती.

प्रश्न आजच्या माणसाचा आहे. तोही रात्री रानात असतो, किंबहुना शेतीची थ्री-फेज वीज रात्रपाळीनं येत असल्यामुळं जास्तच असतो. पण त्याचं काम आभाळाकडं पाहण्याचं राहिलेलं नाही. वेळ मोबाईल सांगतो, मोटार ऑटो स्टार्टरवर चालू होते. बॅटरीचा उजेड सरीत असतो, कारण तिथं साप असू शकतो; कान उसाकडं असतात, कारण अलीकडं उसात बिबट्याही असू शकतो. रात्री आभाळाखाली असणं वेगळं आणि आभाळ ओळखीचं असणं वेगळं. मान वर जाते ती काहीतरी खटकलं तरच. नेमक्या त्याच क्षणी, मनात आधीच धाकधूक असताना, माणूस पहिल्यांदा त्या ताऱ्याकडं नीट पाहतो आणि तो तारा तिथं गेले दोन महिने रोज होता हे त्याला माहीत नसतं.

एवढ्यावरही कुणी म्हणेल, ही शेतकऱ्याची गोष्ट झाली. ज्याचं कामच पहारा देणं आहे, त्याचं काय? त्याचं उत्तर लडाखमध्ये मिळतं, आणि माझ्या मते या वादातला तो सर्वांत भक्कम पुरावा आहे.

२०१२च्या ऑगस्टपासून लडाखच्या सीमेवर, पँगाँग सरोवराच्या भागात, लष्कराच्या आणि इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या जवानांना अनोळखी तेजस्वी दिवे दिसू लागले. क्षितिजावरून वर येत, काही तास आभाळातून सरकत आणि मग दिसेनासे होत. फेब्रुवारी २०१३पर्यंत अशा ३२९ नोंदी झाल्या. त्यांतल्या १५५ प्रसंगी दिव्यांनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडल्याचं नोंदवलं गेलं. चीनची टेहळणी करणारी विमानं असावीत, हा संशय त्या जागी अगदी स्वाभाविक होता. ते कोडं शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडं गेलं. याच संस्थेची वेधशाळा लडाखमध्ये हानले इथं आहे, त्यामुळं तिथलं आभाळ त्यांच्या ओळखीचं. तुषार प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एवढंच ठरवायचं होतं, दिवे आकाशातले की पृथ्वीवरचे. जुलै २०१३मध्ये उत्तर वर्तमानपत्रांत आलं: गुरू आणि शुक्र.

पंचांग उघडून हे आजही ताडून पाहता येतं. १५ ऑगस्ट २०१२च्या सुमारास शुक्र पहाटेच्या आभाळात सूर्यापासून सर्वांत लांब होता, म्हणजे पहाटे बराच वेळ पूर्वेला झळकत होता. गुरू त्या हिवाळ्यात वृषभ राशीत, रोहिणीच्या शेजारी होता आणि ३ डिसेंबरला सूर्याच्या बरोबर समोर आला. म्हणजे सूर्य मावळताना उगवायचा आणि रात्रभर राहायचा. चार-साडेचार हजार मीटर उंचीवर हवा विरळ आणि धूळ जवळपास नाही, त्यामुळं दोघंही मैदानी प्रदेशापेक्षा जास्त ठसठशीत दिसतात.

आता सांगा, या जवानांना कमी अनुभवी म्हणायचं? त्यांचा अनुभव खराच होता. पण तो अनुभव धोका हेरण्याचा होता. ज्याला शत्रू शोधायला शिकवलेलं असतं तो अनोळखी दिव्यात आधी शत्रूच पाहतो, आणि त्याच्या जागी तेच बरोबर आहे. पहारेकऱ्यानं संशय घ्यावा आणि खगोलशास्त्रज्ञानं तो तपासावा, अशी कामाची वाटणी आहे. गडबड होते ती पहारेकऱ्याचा संशय हाच निकाल मानला जातो तेव्हा.

दोष माणसाच्या हुशारीचा नसून डोळ्याच्या बनावटीचा आहे. आपले दोन डोळे साडेसहा सेंटिमीटर अंतरावर आहेत. त्या दोघांच्या चित्रांतल्या फरकावरून मेंदू अंतर काढतो, पण ही युक्ती जवळच्या वस्तूंपुरती चालते. लांबच्या वस्तूचं अंतर आपण तिच्या ओळखीच्या आकारावरून ठरवतो: माणूस एवढा दिसतोय म्हणजे इतका लांब, ट्रॅक्टर एवढा म्हणजे इतका. काळ्या आभाळात एकटा ठिपका असेल तर आकारही नाही आणि तुलनाही नाही. मग तो दोनशे मीटरवरचा दिवा आहे की कोट्यवधी किलोमीटरवरचा शुक्र, हे डोळा सांगूच शकत नाही. तरी मेंदू गप्प बसत नाही. ‘उसाच्या शेंड्यावर’ असं एक अंतर तो परस्पर ठरवून टाकतो. मागं येण्याचं गूढही तेवढ्यानंच सुटतं. बांधावरची बाभळ आपण चाललो की मागं पडते. जे मागं पडत नाही ते आपल्याबरोबर येतंय असं वाटणारच. चंद्र सगळ्यांच्याच एसटीबरोबर धावतो, पण चंद्र ओळखीचा असल्यामुळं कुणी त्याची तक्रार करत नाही.

हलण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते फार जुनं, नोंदवून ठेवलेलं आहे. १७९९मध्ये अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ टेनेरिफ बेटावरच्या ज्वालामुखी पर्वतावर चढत असताना त्याला पहाटेचे तारे डुलताना, मागं-पुढं सरकताना दिसले. दुर्बिणी, कोनमापक यांत आयुष्य घालवणारा हा माणूस. पुढं कळलं की तारे हलत नव्हते. अंधारात, आजूबाजूला खांब, झाड, छप्पर असा काही आधार नसताना एकाच ठिपक्याकडं टक लावली की डोळ्यांच्या बारीक हालचाली मेंदू ठिपक्याच्या नावावर जमा करतो. अंधाऱ्या खोलीत भोकातून येणाऱ्या प्रकाशावरही हे होतं आणि ते थांबवणं आपल्या हातात नसतं. ढग पळत असतील तर काम आणखी सोपं: ढग स्थिर वाटतात आणि तारा उलट्या दिशेनं धावताना दिसतो.

लाल-हिरव्या रंगाचं काय, हा पुढचा आक्षेप. इथं आपल्या गावाचा अक्षांश मदतीला येतो. बावडा विषुववृत्तापासून उत्तरेला साधारण १८ अंशांवर आहे. अगस्त्य हा आभाळातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा दक्षिणेला पावणेत्रेपन्न अंशांवर. वजाबाकी केली की कळतं, बावड्यातून अगस्त्य कितीही वर आला तरी जेमतेम १९ अंश चढतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका. जानेवारी ते मार्च, रात्री आठ-नऊच्या सुमारास तो दक्षिणेला, नीरेपलीकडं अकलूजच्या अंगाला उभा असतो. डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानानं त्याचा प्रकाश तिप्पट जाडीच्या हवेतून येतो. त्या हवेत दिवसभर तापलेल्या काळ्या रानातून उठणारे झोत असतात, भिजवलेल्या उसाचा गारवा असतो, हंगामाचे दिवस असले तर कारखान्याचा आणि पाचट जाळल्याचा धूरही असतो. हवेचे हे थर क्षणाक्षणाला प्रकाश वाकवतात आणि प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो. म्हणून लाल चमकतो, मग निळा, मग हिरवा. दिवाळीच्या आगेमागे ईशान्येला उगवणारा ब्रह्महृदय आणि थंडीत पूर्वेला उगवणारा व्याध हाच खेळ करतात. ग्रह सहसा लुकलुकत नाहीत हे शाळेत शिकलेलं खरं आहे, कारण त्यांचं बिंब ठिपक्यापेक्षा मोठं असतं. पण क्षितिजालगत शुक्रसुद्धा लुकलुकतो आणि रंग बदलतो. आणि शुक्र भरात असताना व्याधाच्या पंधरा-वीस पट तेजस्वी असतो. एवढा उजेड ताऱ्याचा असू शकतो यावर मनाचा विश्वास बसत नाही, ही त्याची खरी अडचण आहे.

‘सगळ्या वस्तीनं पाहिलं’ या मुद्द्याकडं वळू. मुझफ्फर शेरीफ या तुर्की वंशाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३५ साली वर सांगितलेलाच भ्रम प्रयोगासाठी वापरला. अंधाऱ्या खोलीत स्थिर ठिपका दाखवायचा आणि तो किती सरकला हे विचारायचं. एकेकट्यानं उत्तरं दिली तेव्हा ती निरनिराळी होती. तेच लोक एकत्र बसवले आणि एकमेकांची उत्तरं ऐकू दिली, तेव्हा आकडे हळूहळू एका ठिकाणी येऊन स्थिरावले. म्हणजे कधीच न हललेला दिवा किती हलला यावर अख्ख्या खोलीचं एकमत झालं! कुणी खोटं बोलत नव्हतं, कुणी कुणाला फितवलं नव्हतं. हे वाचल्यावर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला सुरू होणारी चर्चा आठवावी: ‘आमच्याकडंही आलाय’, ‘आता कारखान्याकडं वळला’, ‘दोन आहेत’. चाळीस साक्षीदार झाले खरे, पण ते चाळीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. पहिल्यानं काय लिहिलं ते उरलेल्या एकोणचाळीस जणांनी वाचलेलं होतं.

व्हिडिओवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. मोबाईलला अंधारात ठिपका दाखवला की त्याचं स्वयंचलित फोकस भांबावतं, ठिपका फुगून तबकडी होतो, झूम वाढवला की तिच्यावर पाण्यासारखे तरंग उठतात. ते तरंग हवेचे. हात थरथरला की तबकडी नागमोडी पळते. ज्या चित्रफितीत ठिपक्याशेजारी झाडाचा शेंडा, खांब किंवा छपराची कड दिसत नाही, ती कशाचाच पुरावा नाही, ना ड्रोनचा ना ताऱ्याचा.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडं. हे सगळं ऐकून शहरातला वाचक मनातल्या मनात हसत असेल: शेवटी खेडवळ भ्रमच ना! त्याच्यासाठी डिसेंबर २०२४मधली अमेरिकेची गोष्ट. न्यू जर्सी राज्यात रहस्यमय ड्रोन दिसल्याची लाट आली आणि शेजारच्या राज्यांत पसरली. मेरीलँडचे माजी गव्हर्नर लॅरी होगन यांनी आपल्या घरावर डझनावारी मोठे ड्रोन घोंघावत असल्याचं सांगून स्वतः काढलेली चित्रफीत लोकांसमोर ठेवली. जाणकारांनी पाहिलं तर त्यात मृग नक्षत्र होतं. आपलं तिकांडं! आपल्या आजीनं ते खाटेवर पडल्यापडल्या ओळखलं असतं. एफबीआयकडं पाच हजारांवर खबरी आल्या. त्यांतल्या शंभरेकच पुढं तपासण्यालायक वाटल्या. १६ डिसेंबरला तिथल्या चार केंद्रीय यंत्रणांनी मिळून जे निवेदन काढलं, त्यात कायदेशीर ड्रोन, विमानं, हेलिकॉप्टर यांच्या जोडीला ‘ड्रोन समजले गेलेले तारे’ हाही एक प्रकार नोंदवला आहे. तेव्हा शिक्षण, पद, शहर यांपैकी काहीच या भ्रमापासून वाचवत नाही. ॲलन हेंड्री यानं १९७९च्या आपल्या अभ्यासात तबकड्या दिसल्याच्या तेराशेवर तक्रारी एकेक करून तपासल्या, त्यांतल्या पाव हिश्शाहून जास्त नुसते तेजस्वी तारे आणि ग्रह निघाले. हेंड्री तबकड्यांची टर उडवणारा नव्हता. तबकड्यांचा गांभीर्यानं अभ्यास करायला ॲलन हायनेक यांनी काढलेल्या केंद्रासाठीच तो काम करत होता.

इथवर माझी बाजू सरळ चालली. पण खंडन करणाऱ्यांची एक खोड मला साक्षीदारांच्या भ्रमाइतकीच खटकते. कुणी काहीही पाहिलं की बसल्या जागेवरून ‘शुक्र असेल’ म्हणून हात झटकायचे. आपल्याच तालुक्यात हे घडलं आहे.

जून २०२४मध्ये पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर तालुक्यांत, रात्री ड्रोन घिरट्या घालतात अशी ओरड झाली. पोरं काठ्या घेऊन गस्तीला निघाली, पोलिसांचे फोन खणाणले. पुढं ते लोण नगर आणि बीडकडं गेलं. तेव्हा ‘ग्रह-तारे पाहून घाबरलेत’ असं मत देणारे थोडे नव्हते आणि त्यांच्या तोंडी पहिलं नाव शुक्राचं. पण ४ जून २०२४ला शुक्र सूर्याच्या पलीकडच्या बाजूला, जवळजवळ त्याच्या रेषेत होता. सारा जून तो सूर्याच्या झगमगाटात बुडालेला होता, ना संध्याकाळी दिसत होता ना पहाटे. त्या महिन्यात दिवेलागणीनंतरच्या आभाळात सहज नजरेत भरेल असा एकही ग्रह नव्हता. शनी उगवायचा मध्यरात्रीच्या सुमारास, मंगळ त्याच्याही नंतर आणि गुरू जूनच्या उत्तरार्धात, तोही पहाटे उजाडता उजाडता. म्हणजे रात्री नऊला ज्यांनी काही पाहिलं, त्यांना शुक्राचं उत्तर देणं ही निव्वळ थाप होती.

मग त्यांनी काय पाहिलं? सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली असं धरण्याचं कारण नाही. स्वाती त्या दिवसांत दिवेलागणीला डोक्याशी असतो, अभिजित ईशान्येला, ज्येष्ठा दक्षिणेच्या बाजूला तांबूस; पावसाळी ढग त्यांच्यावरून पळत असतात. काहींनी ते पाहिले असतील. काहींनी विमानं पाहिली असतील. पण ज्यांनी घरघर ऐकली, ज्यांना दिवा वळताना आणि छपरामागून येताना दिसला, त्यांना ‘तारा असेल’ म्हणून वाटेला लावता येत नाही. तारा आवाज करत नाही. आणि ड्रोन या भागाला नवे नाहीत. गावठाण मोजणीच्या स्वामित्व योजनेचा राज्यातला पहिला प्रयोग याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला. उसावर फवारणीचे ड्रोन येतात, लग्नात येतात, वारीच्या चित्रीकरणाला येतात. तुकोबांची पालखी तर इंदापूरहून सराटीला जाताना बावड्यावरूनच जाते. खरा ड्रोन दिसणं अशक्य नव्हतं. तो कुणाचा, हा पोलिसांचा प्रश्न होता. खगोलप्रेमींनी त्यात उत्तर ठोकून द्यायला नको होतं.

हाच धडा अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या प्रकरणात आहे. ६ जानेवारी १९६९च्या संध्याकाळी जॉर्जियातल्या लीअरी गावी त्यांना आणि इतर दहा-बारा जणांना एक तेजस्वी, रंग बदलणारा, जवळ येऊन दूर जाणारा प्रकाश दिसला. शुक्र त्या वेळी खरोखरच नैऋत्येला झळकत होता, म्हणून चिकित्सकांनी ते प्रकरण शुक्राच्या नावावर बंद केलं. कार्टर नौदलातले अधिकारी, आपल्याला शुक्र ओळखता येतो असं त्यांचं म्हणणं. पुष्कळ वर्षांनी दुसरा खुलासा पुढं आला: त्याच संध्याकाळी फ्लोरिडातल्या तळावरून एक अग्निबाण सोडून वरच्या वातावरणात बेरियमचा ढग उडवला होता. तो ढग उन्हात उजळून निळा-हिरवा चमकतो, फुगतो, विरतो. वर्णनाशी हे शुक्रापेक्षा जास्त जुळतं. म्हणजे तबकडी नव्हतीच, पण शुक्रही नसावा. आपल्याकडंही २ एप्रिल २०२२च्या रात्री राज्यभर लोकांनी आभाळातून जळत जाणारी रांग पाहिली. ती ना उल्का होती ना यान. चीनच्या अग्निबाणाचा निकामी टप्पा वातावरणात शिरला होता आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरी गावात त्याची सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली. हल्ली एका ओळीत मुंग्यांसारखे जाणारे स्टारलिंकचे उपग्रह तर नेहमीचेच झाले आहेत. संध्याकाळी किंवा पहाटे दिसतात, काही मिनिटांत सावलीत जाऊन विझतात.

माझं म्हणणं ते असं. साक्षीदाराचा अनुभव हा पुरावा नव्हे आणि शंकेखोराचा तोराही नव्हे. दोघांनीही मोजावं. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, विजेचा खांब लागतो. शेडच्या भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, डोकं हलवायचं नाही, आणि दिवा खांबाच्या कडेला बरोबर चिकटलेला दिसेल अशी जागा धरायची. घड्याळ पाहायचं. वीस मिनिटांनी त्याच जागेवरून पुन्हा पाहायचं. आभाळ तासाला १५ अंश फिरतं, तेव्हा वीस मिनिटांत ग्रह किंवा तारा साधारण तीन बोटं सरकलेला असेल, सावकाश, एकाच दिशेला. पश्चिमेला असेल तर खाली गेलेला. तिथं तेवढा संथ ड्रोन कुणी उडवत नाही आणि साधा कॅमेऱ्याचा ड्रोन अर्ध्या-पाऊण तासात बॅटरीसाठी खाली येतोच. दुसरी चाचणी चालण्याची. दिवा समोर ठेवून बांधानं आडवं पन्नास मीटर चालायचं. तीनशे मीटरवरचा ड्रोन असेल तर लांबच्या डोंगराच्या किंवा ताऱ्यांच्या मानानं तो एक मूठभर बाजूला जाईल. ग्रह केसभरही हलणार नाही, तुमच्याबरोबर येईल. जो ‘पाठलाग’ लोकांना सर्वांत जास्त घाबरवतो, तोच तारा असल्याचा सर्वांत पक्का पुरावा आहे. आणि तिसरी गोष्ट, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिथंच पाहायचं. तारा चार मिनिटं आधी त्याच जागी हजर असेल.

परग्रहावर जीव नाहीत असं यातून निघतं का? मुळीच नाही. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारणारे जयंत नारळीकर हे मराठी वाचकांना परग्रहवासीयांच्या कथांमुळंही ठाऊक आहेत. त्यांनी २००१ आणि २००५मध्ये हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेण्याच्या प्रयोगांत पुढाकार घेतला, पृथ्वीबाहेरून सूक्ष्मजीव येतात का हे पाहायला. दुसऱ्या प्रयोगातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. त्या पृथ्वीबाहेरच्या आहेत असा दावा मात्र त्यांनी ठोकून दिला नाही. परग्रहावरच्या जीवनाची इतकी उत्सुकता असलेला माणूस पुराव्याच्या बाबतीत इतका कंजूष असतो.

हा वाद नुसता करमणुकीचा असता तर एवढं लिहिलं नसतं. पण आपल्याकडं रात्रीच्या भीतीचा पुढचा टप्पा फार लवकर येतो. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षुकीसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. ड्रोन चोरांचाच असं एकदा ठरलं की रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस त्या चोरांचा साथीदार ठरायला वेळ लागत नाही. गस्त जरूर घालावी, चोऱ्या खऱ्या आहेत. काठी उचलण्याआधी खांबाशी वीस मिनिटं उभं राहावं.

शुक्राचं वेळापत्रक तर कुणालाही आधी पाहता येतं. आठ वर्षांनी तो दोन-तीन दिवसांच्या फरकानं त्याच जागी येतो. २०२६च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो संध्याकाळी पश्चिमेला आहे, ९ जूनला गुरूच्या अगदी शेजारी, १५ ऑगस्टला सूर्यापासून सर्वांत लांब आणि सप्टेंबरात सर्वांत झगझगीत. २४ ऑक्टोबरला तो सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे येतो आणि नोव्हेंबरात पहाटे पूर्वेला निघतो, नेमका ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरतात आणि कोपीबाहेर पहाटे तीन-चारलाच चुली पेटतात तेव्हा. त्या दिवसांत कुणी ११२ नंबर फिरवायला निघालं तर त्याला आधी तारीख, वेळ, दिशा आणि खांबापासून किती बोटं, एवढं कागदावर लिहायला सांगा.